फोकस चुकलेला फोटो किती वाचतो? आधी ठिपका मोजा

किरणरेषा

"फोटो ब्लर आलाय, सॉफ्टवेअरने नीट होईल का?" या प्रश्नाला उत्तरं येतात ती थेट स्लायडरपासून. अमुक इतका वाढवा, तमुक इतका कमी करा. पण ब्लर कशामुळे आला आणि किती पिक्सेलचा आहे हे कळल्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थ नाही. म्हणून या धाग्यात आधी निदान, मग उपचार.

फोटो १०० टक्क्यांवर उघडा आणि त्यात एखादा बारीक चमकता ठिपका शोधा. डोळ्यातली चमक, पाण्याचा थेंब, दागिन्याचा खडा, लांबचा दिवा, काहीही चालेल. तो गोल चकतीसारखा पसरला असेल तर फोकस चुकला आहे. त्याची सरळ रेघ झाली असेल किंवा वाकडीतिकडी अळी झाली असेल तर कॅमेरा हलला आहे. बाकी सगळं स्पष्ट आणि एकाच माणसाची रेघ ओढली गेली असेल तर माणूस हलला, शटर स्पीड कमी पडला. ठिपका ठिपकाच आहे पण त्वचा आणि केस मेणासारखे गुळगुळीत दिसताहेत, तर तो ब्लर नाही, नॉइज रिडक्शनने (दाणेदारपणा पुसणाऱ्या प्रक्रियेने) किंवा कॉम्प्रेशनने बारकावे पुसले आहेत. आणि सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा असेल, दिव्यांभोवती तेज पसरलं असेल, तर लेन्सवर बोटांचे ठसे होते. हा शेवटचा प्रकार सर्वांत सोपा, कारण तपशील जागेवर असतात. डीहेझ २० ते ३० आणि थोडा ब्लॅक खाली, एवढ्यावर बरंच काम होतं.

फोकसच चुकला असेल तर झूम ४०० टक्के करा आणि चकतीचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा. चमकता ठिपका नसेल तर एखादी सरळ, ठसठशीत कड घ्या (पांढऱ्या भिंतीपुढची काळी चौकट, कॉलर) आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जायला किती पिक्सेल लागतात ते मोजा. तोच साधारण चकतीचा व्यास.

आता मुख्य गोष्ट. फोकस चुकल्यावर प्रत्येक बिंदूची चकती होते आणि शेजारच्या चकत्या एकमेकींवर चढतात. यात सगळे तपशील सारखे कमजोर होत नाहीत. चकतीच्या व्यासाच्या साधारण ०.८२ पट अंतराने येणाऱ्या रेघा पूर्ण नाहीशा होतात. व्यास ६ पिक्सेल असेल तर सुमारे ४.९ पिक्सेल अंतराच्या रेघांचा कॉन्ट्रास्ट शून्य. शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच, त्यामुळे ते तपशील कुठलंही प्रामाणिक गणित परत आणू शकत नाही. त्याहून बारीक रेघांचा काही भाग तर उलटा दिसतो, काळ्याच्या जागी पांढरं. रेघांच्या शर्टावर किंवा जाळीवर हे डोळ्यांनी दिसतं.

उलट बाजूने पाहिलं तर चकती सुमारे २.४ पिक्सेलच्या आत असेल तर फोटोत मावणारा एकही तपशील पूर्ण मेलेला नसतो, फक्त कमजोर झालेला असतो. तो परत उचलता येतो. म्हणून माझा ढोबळ हिशेब असा: २.४ ला मोजलेल्या व्यासाने भागा. उत्तर येईल तेवढ्या आकारापर्यंत फोटो लहान केला की तो खरोखर वाचतो. व्यास ६ असेल तर ४० टक्के. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो २४०० पिक्सेलचा होतो आणि ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) २० सेंटीमीटर रुंद प्रिंट देतो. बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. व्यास २० पिक्सेल असेल तर ७२० पिक्सेल उरतात, म्हणजे मोबाईलच्या पडद्यापुरता.

---

अंधारखोली

+१. लहान करणं हाच सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे, कारण त्याला फिल्टर म्हणत नाहीत.

एक भर घालतो. अनशार्प मास्क (धार वाढवायचा नेहमीचा फिल्टर) हे ब्लर काढण्याचं साधन नाही. त्याचा जन्म डार्करूममधला. निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर, फिकट पॉझिटिव्ह बनवायची, दोन्ही एकावर एक बसवून प्रिंट काढायची. धूसर फिल्म मोठ्या भागांचा कॉन्ट्रास्ट दाबते, कडा मात्र उठून येतात. 'अनशार्प' हे नाव त्या धूसर फिल्मचं. संगणकातही तेच चालतं: कडेच्या गडद बाजूला आणखी गडद रेघ, उजळ बाजूला आणखी उजळ. तपशील नवा येत नाही. फोकस चुकलेल्या फोटोवर त्रिज्या ४-५ ठेवून हे लावलं की चेहऱ्याभोवती पांढरी किनार येते, ती त्यामुळेच.

ब्लरचं गणित उलटं फिरवतं ते डीकॉन्व्होल्यूशन. त्याचे दोन जुने मार्ग आजही वापरात आहेत: वीनरचा फिल्टर (१९४९) आणि रिचर्डसन-ल्यूसी (१९७२ व १९७४). हबल दुर्बिणीच्या आरशातला दोष १९९० मध्ये उघड झाला तेव्हा १९९३ च्या दुरुस्तीपर्यंतच्या चित्रांवर याच जातीची गणितं चालवली होती. तिथे ब्लरचा आकार नेमका माहीत होता, ही त्यांची जमेची बाजू. आपल्याला तो अंदाजाने भरावा लागतो. म्हणून मोजणं टाळू नका.

---

नीलकाच

फोटोशॉपमध्ये क्रम काय ठेवायचा? स्मार्ट शार्पन वापरलं की केसांभोवती कड्या-कड्या दिसायला लागतात.

---

किरणरेषा

@नीलकाच, कड्या दोन कारणांनी येतात: त्रिज्या खऱ्यापेक्षा मोठी, किंवा त्या जागी हायलाइट (सर्वांत उजळ भाग) पूर्ण जळलेला, म्हणजे निव्वळ पांढरा. क्रम असा ठेवा.

रॉ फाईल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) असेल तर कॅमेरा रॉमध्ये शार्पनिंग शून्यावर आणा. डीफॉल्ट ४० असतं आणि ते आधीच कडा बदलून ठेवतं, मग पुढचं गणित चुकतं. हायलाइट थोडे खाली घ्या, १६ बिटमध्ये उघडा. जेपीईजीच असेल तर तरीही १६ बिट करा. नवी माहिती येत नाही, पण पुढच्या पायऱ्यांमध्ये छटा तुटत नाहीत.

लेयरची प्रत काढा, स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे आकडे नंतर बदलता येतील. फिल्टर, शार्पन, स्मार्ट शार्पन. 'रिमूव्ह' मध्ये 'लेन्स ब्लर' निवडा. 'गॉसियन ब्लर' ठेवलं तर ते साध्या अनशार्प मास्कसारखंच वागतं. अमाउंट तात्पुरता ३०० करा. त्रिज्या मोजलेल्या व्यासाच्या निम्म्यापासून सुरू करा, म्हणजे व्यास ५ असेल तर २.५, आणि ०.२ च्या पावलांनी खाली या. कडेशेजारची दुसरी रेघ नाहीशी होते तिथे थांबा. मग अमाउंट १२० ते १८० वर आणा, रिड्यूस नॉइज १० ते २०. खालच्या 'शॅडो' भागात फेड अमाउंट ५० च्या आसपास ठेवा, अंधाऱ्या भागातला नॉइज तिथेच सर्वांत जास्त फुगतो.

लेयरचा ब्लेंड मोड 'ल्युमिनॉसिटी', म्हणजे रंगांच्या किनारी वाढत नाहीत. शेवटी काळा मास्क (लेयर झाकणारा पडदा) लावून जिथे गरज आहे तिथेच पांढरा ब्रश फिरवा: डोळे, भुवया, ओठांची कड, केसांची बाहेरची रेघ. गाल आणि कपाळ सोडा. जळलेले हायलाइट मास्कमधून पूर्ण वगळा. सेन्सरने तिथे खरी किंमत नोंदवलीच नाही, त्यामुळे गणित त्याभोवती काळी कडी काढणारच.

---

खुलास्रोत

पैसे न मोजता हेच करायचं असेल तर:

रॉथेरपीमध्ये 'कॅप्चर शार्पनिंग' आहे (५.८ आवृत्तीपासून). रॉ फाईलच्या रेषीय आकड्यांवर ते रिचर्डसन-ल्यूसी चालवतं आणि त्रिज्या स्वतः काढतं. पण हे सेन्सर व डिफ्रॅक्शनच्या (लहान अपर्चरमधून प्रकाश पसरण्याच्या) सूक्ष्म ब्लरसाठी आहे. फोकसची चूक ते धरत नाही. त्यासाठी डीटेल टॅबमधलं शार्पनिंग उघडून पद्धत 'आरएल डीकॉन्व्होल्यूशन' करा. तिथे ब्लर गॉसियन धरला जातो, चकतीचा नाही, म्हणून त्रिज्या (मोजलेल्या व्यासाच्या निम्मी) जशीच्या तशी न टाकता तिच्याही निम्म्यापासून वर चढा.

डार्कटेबलमध्ये ३.८ पासून 'डिफ्यूज ऑर शार्पन' मॉड्यूल आहे. त्यात 'लेन्स डीब्लर' नावाचे तयार प्रीसेट: सॉफ्ट, मीडियम, हार्ड. सॉफ्टने सुरुवात करा. मॉड्यूल जड आहे. जुन्या मशीनवर एकेका बदलाला बराच वेळ घेतं, त्यामुळे आधी बाकीचं सगळं आटपून ते शेवटी चालू करा आणि १०० टक्के झूमवरच निकाल बघा, लहान प्रीव्ह्यूवर तो फसवतो.

गिंपवाल्यांनी जीमिक प्लगइन घालावं. त्यात 'डीटेल्स' खाली रिचर्डसन-ल्यूसी आहे. सिग्मा (ब्लरचा पसारा) १ ते २, इटरेशन (फेऱ्या) १० ते १५. हा इटरेशनचा आकडा नीट समजून घ्या. पहिल्या काही फेऱ्यांत खरा तपशील वर येतो, पुढच्या फेऱ्यांत नॉइजलाच तपशील समजून ते त्याला धार लावतं. त्वचेवर किड्यांसारखी नक्षी दिसली की समजा, फेऱ्या जास्त झाल्या. ५० वरून खाली येण्यापेक्षा ५ वरून वर जा.

---

धान्यकण

क्रमाबद्दल एक असहमती. बरेच जण आधी कडक नॉइज रिडक्शन करतात आणि मग डीकॉन्व्होल्यूशन. उलटा परिणाम होतो. फोकस चुकल्याने कमजोर झालेला तपशील आणि नॉइज यांची ताकद जवळपास सारखीच असते. नॉइज पुसणारं साधन दोन्ही एकत्र पुसतं. मग धार लावायला काही उरतच नाही आणि चेहरा प्लास्टिकचा होतो.

मी सुचवेन: रंगाचा नॉइज पूर्ण काढा (त्याने काही बिघडत नाही), ल्युमिनन्सचा (उजेडाचा) १० ते १५ च्या वर नको. मग डीकॉन्व्होल्यूशन. मग उरलेला नॉइज.

आयएसओ ६४०० च्या पुढे आणि व्यास ८ पिक्सेलच्या वर, अशी जोडी असेल तर डीकॉन्व्होल्यूशनचा नाद सोडा. लहान करा आणि थांबा.

---

किरणरेषा

मान्य. फक्त एक अपवाद: कॅमेरा ट्रायपॉडवर आणि विषय स्थिर असताना एकामागून एक काढलेले, सारखेच धूसर असे चार फोटो असतील तर त्यांची सरासरी काढा. नॉइज निम्मा होतो (फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो), तपशील मात्र शाबूत. मग डीकॉन्व्होल्यूशनला खेचायला जागा मिळते. फोटोशॉपमध्ये चारही लेयर 'ऑटो-अलाइन' करा आणि ओपॅसिटी खालून वर १००, ५०, ३३, २५ ठेवा.

---

तिसरीरांग

ग्रुप फोटोत फोकस मागच्या रांगेवर गेलाय, पुढची रांग धूसर आहे. पुढच्या रांगेचे चेहरे वाचवायचे आहेत. काय करता येईल?

---

अंधारखोली

पहिला प्रश्न: त्याच वेळचे आणखी फोटो आहेत का? बर्स्टमध्ये (एका दमात काढलेल्या फोटोंमध्ये) एखाद्या फ्रेमला पुढची रांग नीट असू शकते. दोन्ही फ्रेम अलाइन करून मास्कने चेहरे बदलणं हे कुठल्याही शार्पनिंगपेक्षा सरस, कारण तो तपशील खरा असतो. फोकस बदलला की चित्राचा आकारही किंचित बदलतो, म्हणून अलाइन केल्याशिवाय मास्क लावू नका. खांद्यापाशी जोड दिसतो.

एकच फ्रेम असेल तर नजरेची वाट बदला. डोळा सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत जास्त कॉन्ट्रास्टच्या जागी आधी जातो. सध्या ती जागा मागची रांग आणि तिच्या मागची भिंत आहे. भिंतीचं टेक्श्चर आणि क्लॅरिटी उणे २० ते ३० करा, उजेड अर्धा स्टॉप खाली घ्या. मागच्या रांगेला धक्का लावू नका, किंवा फार तर क्लॅरिटी उणे ५. पुढच्या रांगेला स्मार्ट शार्पन, वर सांगितल्याप्रमाणे, आणि डोळ्यांना डॉज-बर्न: बाहुली थोडी गडद, डोळ्यातली चमक थोडी उजळ, वरच्या पापणीची रेघ गडद. प्रत्येक चेहऱ्याला दोन-तीन मिनिटं लागतात, पण धूसर चेहऱ्यात जीव येतो तो याने.

फोटो कृष्णधवल केला तर आणखी मदत होते. रंगांच्या किनारी नाहीशा होतात आणि वाढवलेला कॉन्ट्रास्ट डोळ्याला खटकत नाही.

---

वर्णपट

रंगांच्या किनारींचा विषय निघाला म्हणून. मोठ्या अपर्चरच्या लेन्सवर (एफ १.४, १.८) फोकसच्या पुढच्या भागाला जांभळट आणि मागच्या भागाला हिरवट छटा येते. तीन रंग एकाच जागी फोकस होत नाहीत, त्याचा हा परिणाम. यातून दोन फायदे निघतात.

पहिला, फोकस पुढे गेला की मागे हे कळतं. धूसर डोळ्याच्या चमकेभोवती हिरवट किनार असेल तर डोळा फोकसच्या मागे राहिला, म्हणजे फोकस पुढे, नाकावर पडला. एकाच लेन्सवर नेहमी एकाच बाजूला चुकत असेल तर डीएसएलआरमध्ये एएफ मायक्रो-ॲडजस्टमेंट (ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती) करून घ्यावी, दर वेळी सॉफ्टवेअरशी झुंजण्यापेक्षा.

दुसरा, तीन चॅनेल सारखे धूसर नसतात. फोटोशॉपमध्ये कंट्रोल+३, ४, ५ दाबून लाल, हिरवा, निळा चॅनेल एकेक बघा (कंट्रोल+२ ने परत). एखादा चॅनेल उघड उघड स्पष्ट निघाला तर तो पूर्ण सिलेक्ट करून कॉपी करा, नवीन लेयर म्हणून पेस्ट करा, ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी. ओपॅसिटी ५० ते ७०. लाल चॅनेल वापरला तर ओठ फिके पडतात, तेवढा भाग मास्कने काढा. नवं काहीही न बनवता मिळालेला हा खरा तपशील आहे.

---

नीलकाच

एआयवाल्या साधनांबद्दल कोणीच बोललं नाही. एका क्लिकवर पापण्यासुद्धा येतात.

---

किरणरेषा

येतात, पण कोणाच्या? वर लिहिलं तसं, काही तपशील फोटोत शून्य झालेले असतात. एआय ते शोधून काढत नाही, हजारो चेहऱ्यांवरून शिकलेलं जे सर्वांत संभवनीय, ते तिथे रंगवतं. व्यास ३-४ पिक्सेल असेल तर त्याला फारसं रंगवावं लागत नाही आणि निकाल खरंच चांगला येतो. टोपाझमध्ये किंवा गूगल फोटोजच्या अनब्लरमध्ये (पिक्सेल ७ बरोबर २०२२ मध्ये आलं) अशा फोटोंना फायदा होतो. व्यास १५ असेल तर चेहरा मोहक येतो, पण घरातल्या माणसांना तो परका वाटतो.

तपासायची एक रीत आहे. एआयने दिलेल्या फोटोवर 'लेन्स ब्लर' लावा, त्रिज्या मूळ फोटोत मोजलेल्या व्यासाच्या निम्मी. आता तो मूळ फोटोवर 'डिफरन्स' मोडमध्ये ठेवा. सगळं जवळपास काळं दिसायला हवं. जिथे उजळ डाग दिसतील तिथे साधनाने चेहरा बदलला आहे: नाकपुडीची जागा सरकली, दातांच्या फटी वाढल्या, डोळ्याचा कोपरा वर गेला. तेवढ्या जागी मास्कने मूळ फोटो परत आणा. मात्र सगळं काळं आलं तरी तपशील खरा ठरत नाही. एकाच धूसर डागातून अनेक वेगवेगळे चेहरे निघू शकतात, ते सगळे ही परीक्षा पास होतील.

अक्षरांच्या बाबतीत तर फार जपा. देवनागरी पाटी एआयमधून काढली की शिरोरेषा सुंदर सरळ येते आणि खाली घ चा ध, भ चा म झालेला असतो. अनुस्वार गायब होतात किंवा नवे उगवतात. इंग्रजी आकड्यांत 3 आणि 8 ची अदलाबदल. गाडीची नंबरप्लेट, कागदपत्र, पावती, पुरावा म्हणून लागणारं काहीही यातून काढू नका. तिथे फक्त डीकॉन्व्होल्यूशन, आणि मूळ फाईल हात न लावता जपलेली.

---

पोटमाळा

जुन्या छापील फोटोंना हे सगळं लागू होतं का? स्कॅन केल्यावर सगळेच धूसर दिसताहेत.

---

अंधारखोली

आधी धुसरपणा कुठल्या टप्प्यावर आला ते ठरवा. ६०० पीपीआयवर, स्कॅनरचं स्वतःचं शार्पनिंग बंद करून स्कॅन करा आणि मोठं करून ग्रेन (फिल्मचे दाणे) बघा. ग्रेन स्पष्ट आणि चेहरा धूसर, तर काढतानाच फोकस चुकला होता. चेहरा आणि ग्रेन दोन्ही धूसर, पण प्रिंटवरचे ओरखडे व धूळ स्पष्ट, तर एन्लार्जरचा (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढणाऱ्या यंत्राचा) फोकस चुकला होता. अशा वेळी निगेटिव्ह मिळाली तर सोनं, तिच्यात सगळा तपशील असेल. ओरखडेही धूसर असतील तर दोष स्कॅनरचा: काच पुसा, फोटो काचेला सपाट टेकलाय का बघा, वाकलेला असेल तर वर वजन ठेवा.

पहिल्या प्रकारात डीकॉन्व्होल्यूशन जपून, कारण ते ग्रेनलाच आधी धार लावेल. फोटो निम्मा लहान करून मग लावा.

---

तिसरीरांग

मोबाईलवर काढलेल्या फोटोंचं काय?

---

खुलास्रोत

पहिलं, तुमच्या हातात मूळ फाईल आहे का ते बघा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत आकाराने लहान आणि दाबलेली असते. ८ बाय ८ पिक्सेलचे जेपीईजी चौकोन डीकॉन्व्होल्यूशनने लगेच वर येतात. पाठवणाऱ्याला तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. पुष्कळदा फोटो मुळात ठीकच निघतो.

दुसरं, पोर्ट्रेट मोडमधला धुसरपणा बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने लावलेला असतो. कान किंवा चष्म्याची दांडी धूसर झाली असेल तर गॅलरीत एडिट उघडून ब्लर कमी करा. पुष्कळ फोनवर फोकसचा बिंदूही नंतर बदलता येतो. मात्र त्यासाठी फाईलमध्ये खोलीची माहिती शिल्लक हवी. एकदा दुसऱ्या ॲपमधून सेव्ह केली की ती बहुधा जाते.

---

धान्यकण

छापण्यापूर्वीची शेवटची पायरी राहिली: ग्रेन. धार लावलेला डोळा आणि न लावलेला गाल यांतला फरक मोठ्या प्रिंटवर उघडा पडतो. सगळ्या फोटोवर एकसारखा बारीक ग्रेन टाकला (लाइटरूममध्ये अमाउंट १५ ते २५, साइज २० ते २५) की दोन्ही भाग एका पोताचे दिसतात आणि नजर त्या दाण्यालाच तपशील समजते. क्रम मात्र पाळा: आधी अंतिम आकाराला लहान करा, मग हलकं आउटपुट शार्पनिंग, मग ग्रेन. ग्रेन टाकून नंतर लहान केलं तर तो विरून जातो. शार्पनिंगच्या आधी टाकला तर वाळू होते.

---

नीलकाच

व्यास मोजला. डोळ्यातली चमक ७ पिक्सेल, फोटो ६००० रुंद. म्हणजे ३४ टक्के, साधारण २०५० पिक्सेल. स्मार्ट शार्पन लहान करण्याआधी की नंतर?

---

किरणरेषा

आधी, मूळ आकारावर, त्रिज्या ३.५ पासून खाली. मोठ्या आकारावर चकतीचा आकार नीट सापडतो, आणि ज्या बारकाव्यांवर कड्या व नॉइज फुगेल ते लहान करताना आपोआप गळून पडतात. लहान करताना 'बायक्युबिक शार्पर' नको, साधं 'बायक्युबिक' ठेवा, नाहीतर धार दोनदा लागते. २०५० पिक्सेल म्हणजे ३०० पीपीआयने १७ सेंटीमीटर.